हे अडीच लाख शेअर बाजाराचे नाहीत

पत्र

नमस्कार. मी सांगलीत एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. वय ३६. मिस्टरांचं कुपवाड एमआयडीसीत छोटं लेथ वर्कशॉप आहे, पंपाच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करतात. त्यांची कमाई कधी बरी होते, तर कधी दोन-दोन महिने बिलं अडकतात. मुलगा नववीत आहे. घरखर्च महिना २८ हजार, सगळं भागवून सहा हजार उरतात. गेल्या महिन्यात अडीच लाखांची मुदत ठेव सुटली. बँकवाले म्हणतात परत ठेवा, पण तिथलं व्याज बघून हे पैसे शेअर बाजारात लावावेत असं वाटतंय. (पतसंस्थेचं ८० हजार कर्ज अजून बाकी आहे, १४ टक्क्यांचं. चार हजारांचा हप्ता वेळेवर जातो, त्यामुळे त्याची काळजी नाही.) धाकटे दीर शेअर बाजारात ऑप्शनचे (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले, ठरावीक मुदतीचे) सौदे करतात. ते म्हणतात, पैसे माझ्याकडे द्या वहिनी, दुप्पट करून देतो. आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरने मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलंय. तिथले ‘सर’ महिना ५ टक्के खात्रीने मिळवून देतात. तिने ४० हजार भरले आणि ॲपवर आता ७१ हजार दिसतात. मिस्टर म्हणतात, शेअर बाजार म्हणजे सट्टा, त्या भानगडीत पडू नको. सुरुवात कुठून करू? कोणते शेअर घेऊ? आणि यांना कसं समजावू?

— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, आधी तुमच्या मैत्रिणीचं बघू, कारण तिथे एकेक दिवस मोलाचा आहे. तिला आजच सांगा, ॲपवर दिसणारे ७१ हजार काढून बघ. बहुतेक ते निघणार नाहीत. ‘आधी टॅक्स भरा’, ‘खातं गोठलंय, सोडवायला २० टक्के भरा’ असलं काहीतरी उत्तर येईल. तसं आलं की आणखी एक रुपया भरायचा नाही आणि ग्रुपवर भांडायचंही नाही. गप्पांचे, ॲपचे आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा आणि स्वतःच्या बँकेला कळवायचं. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची आशा जास्त. तिला लाज वाटत असेल तर तुम्ही शेजारी बसा, पण फोन आजच होऊ द्या. आणि समजा हजार-दोन हजार निघाले, तरी तो खरेपणाचा पुरावा मानू नका. मोठी रक्कम भरून घेण्यासाठी अशी माणसं आधी थोडे पैसे परत देतात.

ॲपवर दिसणारा आकडा कोणीही टाइप करू शकतं. महिना ५ टक्के हा दावा कागदावर मांडून बघा. तुमचे अडीच लाख त्या दराने चक्रवाढीने वाढले तर दहा वर्षांत पावणेनऊ कोटींच्या आसपास जातील. ज्याला हे जमतं तो सांगलीतल्या नर्सचे ४० हजार मागत फिरणार नाही. सेबी ही शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्याकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला खात्रीच्या परताव्याचं आश्वासन देताच येत नाही. म्हणजे ‘खात्रीने’ हा शब्द कानावर पडला की पुढचं ऐकायची गरज नाही. नोंदणीकृत सल्लागारांची आणि ब्रोकरांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर आहे. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी वेगळे यूपीआय आयडीही आले आहेत, त्यात ‘@’ या खुणेपुढे इंग्रजीत ‘व्हॅलिड’ लिहिलेलं असतं. कुणा ट्रेडर्सच्या किंवा एंटरप्रायझेसच्या चालू खात्यावर पैसे मागणारा माणूस बाजारातला नव्हे. तुम्हीही तो ग्रुप सोडा.

दिरांनाही पैसे देऊ नका. त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सेबीनेच केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभर सामान्य माणसांपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि या सगळ्यांचा मिळून तोटा होता १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. ऑप्शनला मुदत असते. तुमचा अंदाज बरोबर असला तरी तो मुदतीत खरा ठरला नाही तर भरलेली सगळी रक्कम जाते. शिवाय खातं दिरांच्या नावाचं, निर्णय त्यांचा, पैसा तुमचा. तोटा झाला तर तो दिवाळीला एकत्र जेवायला बसताना ताटात वाढला जाईल. स्पष्ट सांगा, ‘भाऊजी, हे पैसे घराचे आहेत, ते हलवायचे नाहीत.’

आता तुमच्या अडीच लाखांकडे येऊ. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. पतसंस्थेच्या ८० हजारांवर तुम्ही सध्या महिन्याला नऊशे रुपयांहून जास्त व्याज भरताय. हप्ता वेळेवर जातोय हे चांगलंच, पण १४ टक्के व्याज चालू ठेवून बाजारात पैसे लावायचे, तर बाजाराने दरवर्षी १४ टक्क्यांच्या वर द्यायला हवं, तरच तुम्ही फायद्यात. तशी हमी कोणी देणार नाही. उलट कर्ज फेडलं की तेवढं व्याज नक्की वाचतं, त्यावर करही नाही. पतसंस्थेत जाऊन मुदतीआधी फेडण्याचं शुल्क किती ते विचारा. ते व्याजाच्या मानाने किरकोळ असेल तर ८० हजार एकरकमी भरून टाका. कर्ज निल झाल्याचा दाखला सही-शिक्क्यासह घ्या, सोनं तारण असेल तर वजन तपासून घ्या, आणि जामीनदारांना कळवा.

राहिले १ लाख ७० हजार. हे तुमच्या घराचे सहा महिने आहेत. ते बँकेत मुदत ठेवीतच राहू द्या. एकच मोठी पावती करण्याऐवजी तीन-चार छोट्या करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. बँकवाल्यांचं या बाबतीत बरोबर आहे.

निराशा झाली असेल. तुम्ही बाजारात जायला निघालात आणि मी सगळे पैसे दारातच अडवले. पण २०२० चा मार्च आठवा. त्या वर्षी जानेवारीत सेन्सेक्स (तीस मोठ्या कंपन्यांच्या शेअरवरून काढलेला बाजाराचा निर्देशांक) ४२ हजारांवर होता. २३ मार्चला तो एका दिवसात ३,९०० अंशांहून जास्त कोसळला आणि २६ हजारांच्या खाली बंद झाला. जानेवारीत निर्देशांकात अडीच लाख घातलेल्या माणसाला त्या संध्याकाळी साधारण १ लाख ५५ हजार दिसत होते. आणि त्याच आठवड्यात काय झालं? टाळेबंदी लागली. कुपवाडची शेडं बंद पडली, बिलं अडकली, पण घरभाडं, किराणा थांबले नाहीत. तेव्हा घर चालवण्यासाठी ज्यांना शेअर आणि फंड विकावे लागले त्यांनी ते तळाच्या भावाला विकले. निर्देशांक नोव्हेंबरमध्येच जुन्या पातळीवर परत आला, पण तोपर्यंत थांबण्याची ऐपत त्यांच्याकडे नव्हती. बाजार पडतो तेव्हा तो बहुतेकदा एकटा पडत नाही, कारखान्यांच्या ऑर्डरीही त्याच सुमारास आटतात. ज्याच्या घरची कमाई वर्कशॉपवर अवलंबून आहे त्याने हे इतर कोणाहून जास्त लक्षात ठेवायला हवं. तुमच्याकडे सहा महिन्यांची सोय असेल तर तशा दिवशी तुम्हाला काहीच विकावं लागणार नाही.

शिवाय सावरायला दरवेळी आठ महिनेच लागतात असंही नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांपर्यंत गेला, ऑक्टोबरपर्यंत ८ हजारांच्याही खाली आला. मधे २०१० च्या दिवाळीत त्याने २१ हजारांना हात लावला आणि पुन्हा घसरला. ती पातळी ओलांडून तो पुढे गेला तो २०१३ च्या अखेरीपासून. जवळपास सहा वर्षं. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: जो पैसा पुढची सात वर्षं लागणार नाही तोच बाजारात घालायचा.

त्या हिशेबाने मुलाच्या शिक्षणाचा पैसा बाजारात बसत नाही. तो नववीत आहे, म्हणजे डिप्लोमाला गेला तर पुढच्या वर्षा-दोन वर्षांत आणि बारावी करून इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगला गेला तर चारेक वर्षांत फी भरावी लागेल. कर्ज फिटल्यावर हप्त्याचे चार हजार मोकळे होतील, म्हणजे महिन्याला तुमच्या हातात दहा हजार राहतील. त्यातल्या पाच हजारांची आवर्ती ठेव त्याच्या शिक्षणासाठी म्हणून सुरू करा. चार वर्षांत २ लाख ४० हजार मुद्दल जमेल, वर व्याज. आरोग्यविमा नसेल तर तो आधी घ्या आणि हे आकडे तेवढ्याने कमी करा. आयसीयूचं बिल किती होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

उरलेले पाच हजार तुमचे, बाजारासाठी.

सुरुवात निर्देशांकाच्या फंडापासून करा, म्हणजे इंडेक्स फंड. निफ्टी ५० किंवा सेन्सेक्स, कुठलाही एक. निफ्टीचा फंड म्हणजे निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांमध्ये त्याच प्रमाणात पैसे लावणारा म्युच्युअल फंड. त्यात कोणी हुशारीने कंपन्या निवडत नाही, म्हणून खर्चही कमी असतो. तुम्ही विचाराल, पन्नास कशाला, चार चांगल्या निवडल्या तर? १९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्याच्या तीस कंपन्यांत ॲम्बेसेडर बनवणारी हिंदुस्तान मोटर्स होती आणि पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्सही होती. त्या काळी कोणालाही विचारलं असतं तर त्याने हीच नावं भक्कम म्हणून सांगितली असती, रस्त्यावर दुसऱ्या गाड्या होत्याच किती? पुढे दोन्ही गाड्या बंद झाल्या, कंपन्या निर्देशांकातून गेल्या, त्यांच्या जागी बँका आल्या, सॉफ्टवेअर आलं, टेलिकॉम आलं. निर्देशांकात पैसे ठेवणाऱ्याला यातलं काहीच ओळखावं लागलं नाही. १९७८-७९ साली १०० धरलेला सेन्सेक्स जुलै २०२४ मध्ये ८० हजारांवर गेला तो अशी गळती आणि भरती होत होत. पुढेही तितकीच वाढ होईल असं मी म्हणणार नाही, म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका.

यासाठी डीमॅट खातंही (शेअर ठेवण्याचं ऑनलाइन खातं) लागत नाही. पॅन, आधार, बँक खातं आणि एकदा केवायसी, एवढं पुरतं. फंड कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट नोंदणी करा. प्रत्येक योजनेचे दोन प्रकार दिसतील, रेग्युलर आणि डायरेक्ट. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून जातं. महिना पाच हजार, वीस वर्षं, असं धरा. १२ टक्क्यांनी ते पन्नास लाखांच्या जवळ जातात आणि ११ टक्क्यांनी त्रेचाळीस-चव्वेचाळीस लाखांपर्यंत. १२ टक्के हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय, पण एका टक्क्याने सहा लाखांवर फरक पडतो हे त्यावरून कळेल. इंडेक्स फंडात दोन प्रकारांतला फरक सहसा एका टक्क्याहून कमी असतो, तरी डायरेक्टच घ्या. ‘ग्रोथ’ हा पर्याय निवडा (नफा फंडातच राहतो), नॉमिनी लिहा, आणि एसआयपीची, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम फंडात जाण्याची, तारीख पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची ठेवा. दोन-तीन इंडेक्स फंड घेऊन काही साधत नाही, आत त्याच कंपन्या असतात.

मग वर्षभर काहीच करू नका. करायचं काही नसणं हे फार अवघड जातं, विशेषतः ॲप उघडल्यावर आकडा लाल दिसला की. पाच हजारांची एसआयपी असताना बाजार पडला तर त्या महिन्यात तुम्हाला जास्त युनिट मिळतात, एसआयपी बंद केलीत तर तेवढंच हुकतं. कर आकारला जातो तो विकल्यावर. सध्याच्या नियमानुसार वर्षभराहून जास्त ठेवलेल्या शेअरवर आणि इक्विटी फंडावर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्याहून जास्त नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकलं तर वीस टक्के.

‘कोणते शेअर घेऊ’ याचं उत्तर मी नावानिशी देणार नाही. तुम्हाला न ओळखता कंपनीचं नाव सांगणारा कधी विकायचं हे सांगायला हजर नसतो. पण शिकायची इच्छा मारू नका. एक वर्ष एसआयपी नियमित गेली की डीमॅट उघडा, त्यात ‘बेसिक सर्व्हिसेस’ प्रकार मागा. चार लाखांपर्यंतच्या शेअरना त्यात वार्षिक देखभाल शुल्क नसतं. पाच-दहा हजार रुपये शिकण्यापुरते बाजूला ठेवा, त्याहून जास्त नको.

पहिली खरेदी एका शेअरची करा, तीही डिलिव्हरीत, म्हणजे शेअर स्वतःकडे ठेवण्यासाठी. ऑर्डर देताना ॲप विचारतं: डिलिव्हरी की इंट्राडे. इंट्राडे चुकून दाबलं गेलं तर शेअर त्याच दिवशी विकला जातो. भावाच्या रकान्यात ‘लिमिट’ निवडून तुम्हाला द्यायचाय तो भाव स्वतः टाका. संध्याकाळी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येईल, ती उघडा आणि ओळ न् ओळ वाचा: शेअरचा भाव, दलाली, त्यावर १८ टक्के जीएसटी, ०.१ टक्का एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर), मुद्रांक शुल्क. पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर तुमच्या डीमॅटमध्ये जमा होतो. आता एक गोष्ट न चुकता करा. ब्रोकरच्या ॲपवर विसंबू नका, तुमचं डीमॅट ज्या डिपॉझिटरीत आहे तिथे, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या संकेतस्थळावर, स्वतःचं लॉगिन करून तो शेअर दिसतोय का ते पाहा. शेअर खरोखर तिथे असतात, ब्रोकर फक्त मधला माणूस. २०१९ मध्ये एका मोठ्या ब्रोकर कंपनीने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचं उघड झालं. त्यानंतर नियम कडक झाले, तरी डिपॉझिटरीकडून येणारं मासिक विवरण वाचायची सवय लावून घ्याच.

कंपनी निवडायला तुमचं काम उपयोगी पडेल. कुठल्या कंपनीची कॅन्युला नीट बसते, कुणाचे सलाइन सेट गळतात, कुठला माल गेल्या वर्षभरात बदलला, हे तुम्ही रोज हाताळता. त्या वेष्टनावरचं नाव बघा, कंपनी बाजारात नोंदलेली आहे का शोधा, असेल तर तिचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या. तो फुकट मिळतो. पण माल चांगला म्हणजे शेअर चांगला असं नसतं. कंपनी एका शेअरमागे वर्षाला दहा रुपये कमावते आणि शेअर आठशेला आहे, तर तुम्ही ऐंशी वर्षांची कमाई आज मोजताय. कमाई वेगाने वाढेल याची काही कारणं अहवालात सापडतात का, कर्ज किती, प्रवर्तकांनी (कंपनी हातात असलेल्या मुख्य मालकांनी) स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत का, लेखापरीक्षकाने कुठे हरकत नोंदवलीय का, एवढं तरी बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

मिस्टरांच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. त्यांनी आजवर जे पाहिलं असेल, भावाचे ऑप्शन, ओळखीपाळखीत कोणाचे तरी टिपवर बुडालेले पैसे, तो सट्टाच होता. त्यांना ‘समजावू’ नका, सोबत घ्या. ते पंपाचे भाग बनवतात. त्यांच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे, आणि तिथे पंप बनवणारी किर्लोस्कर ब्रदर्स शेअर बाजारात नोंदलेली आहे. तिचा शेअर घ्या असं मी सुचवत नाही. तिचा किंवा दुसऱ्या एखाद्या पंप कंपनीचा वार्षिक अहवाल रविवारी दोघांनी समोर घेऊन बसा, एवढंच. त्यात कच्च्या मालाचा खर्च असतो, गोदामात पडून असलेला माल असतो आणि ‘येणे बाकी’ असते. विक्री वाढली पण उधारी त्याहून जास्त वाढली, याचा अर्थ काय, हे तुम्हाला पाठ करावं लागेल. त्यांना नाही, त्यांची स्वतःची बिलं अडकतात तेव्हा ते हेच सोसत असतात. आधी उधारीचं पान उघडा आणि त्यांनाच विचारा, ही कंपनी तुमच्याकडे काम घेऊन आली असती तर उधारीवर दिलं असतं का?